पोरगं प्रश्न विचारतंय की फक्त उत्तर उतरवतंय?



या वेळचा व्हिडिओ शाळेतल्या एआयवर होता. बऱ्याच जणांनी विचारलं, की सर, तुम्ही धंद्याचं शिकवता, मग शाळेत कुठे शिरलात? सांगतो.

माझ्या एका बॅचमध्ये बुटीबोरीचे एक भाऊ होते. खोक्यांचं लहानसं युनिट आहे त्यांचं. बारावी झालेला एक मुलगा नवीनच कामाला लागला होता. त्याला म्हणाले, अमुक पार्टीला कोटेशन बनवून दे. पोट्ट्याने दहा मिनिटांत एआयकडून झक्कास कोटेशन करून आणलं. भाषा अशी, की मालकालाही तशी जमली नसती. संध्याकाळी पार्टीचा फोन आला: "पाच प्लायच्या जागी तीन प्लाय घेतलं तर किती पडेल? अन् माल दबणार तर नाही ना?" मुलगा गप्प. फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने मोबाईलमध्ये टाइप करू लागला. गोडाऊन पाठीमागेच होतं. दोन्ही खोकी उचलून, दाबून बघता आली असती. ते त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मुलगा कामचोर नव्हता हो. बारा वर्षं त्याला हेच शिकवलं गेलं, की प्रश्न दुसरा कोणी काढणार आणि उत्तर कुठेतरी तयार असणार. आधी ते गाइडमध्ये होतं, आता मोबाईलमध्ये आहे. म्हणून हा विषय तुमचा-माझाही आहे. ही मुलं चार-पाच वर्षांत तुमच्याच काउंटरवर उभी राहणार आहेत.

आता शाळेत एआय आणायचा की नाही, हा वाद मला संपल्यासारखा वाटतो. आपल्याच जिल्ह्यात बघा. जुलै २०२५ मध्ये हिंगणा तालुक्यातल्या वडधामन्याला एआयवाली अंगणवाडी सुरू झाली. जिल्हा परिषदेचं 'मिशन बाल भरारी', मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते उद्घाटन, व्हीआर चष्मे, स्मार्ट बोर्ड, टॅब. अंगणवाडीपर्यंत पोचलंय म्हटल्यावर आठवी-नववीच्या पोरांपासून तुम्ही काय लपवणार? माझं म्हणणं एवढंच आहे, की यंत्र आलं तर येऊ द्या, पण पहिला प्रश्न कोण विचारतं आणि उत्तर कोण शोधतं, तेवढं बघा.

याचा एक चांगला पुरावा आहे. तुर्कस्तानात एका हायस्कूलच्या जवळजवळ हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला साधा चॅटजीपीटीसारखा एआय दिला. दुसऱ्या गटाला दिलेला एआय सरळ उत्तर द्यायचा नाही, फक्त इशारे द्यायचा. तिसऱ्या गटाला काहीच नाही, वही आणि पुस्तक. सराव करताना पहिल्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, दुसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा एआय वापरलेली मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के खाली गेली! इशारेवाल्या गटाचं तसं नुकसान झालं नाही. बरं, ती जास्त पुढेही गेली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर मी एआय विकायला बसलोय असं वाटेल तुम्हाला.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या गटाने उधारीवर माल भरला. दुकान भरलेलं दिसलं, पण गल्ल्यात काही नव्हतं.

मग मुलांनी आपलं आपण शिकायचं म्हणजे काय? त्यांना टॅब देऊन मास्तरांनी बाहेर जायचं? नाही. हा प्रयोग आपल्याकडे एआयच्या कितीतरी आधी झालाय. सुगत मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक कॉम्प्युटर बसवला, आणि मुलं कोणी न शिकवता तो चालवायला शिकली. त्यावर टीकाही झाली, की दांडगी पोरं पुढे घुसतात, मुली आणि लहान मुलं मागे राहतात. २०१३ मध्ये त्यांना टेड पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले. त्यातून ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यातली एक आपल्या महाराष्ट्रात होती, फलटणच्या कमला निंबकर बालभवनात. या पद्धतीत चार-पाच मुलांत एकच कॉम्प्युटर असतो. समोर एक मोठा प्रश्न ठेवायचा. मुलांनी आपापले गट करायचे, दुसऱ्या गटात डोकावायला मुभा, शेवटी प्रत्येक गटाने काय सापडलं ते सांगायचं. मोठं माणूस हजर असतं, पण उत्तर देत नाही.

मला यातला 'एकच कॉम्प्युटर' सगळ्यात आवडतो. आपण समजतो, की प्रत्येकाला टॅब मिळाला म्हणजे प्रगती. पण एका स्क्रीनपुढे चौघं असली की भांडतात, "अबे, हे चूक लिहिलंय त्याने" म्हणतात. एकटं पोरगं कॉपी करून मोकळं होतं.

शिक्षक मंडळी म्हणतील, वर्गात साठ पोरं, पोर्शन संपवायचा, वरून ऑनलाइन माहिती भरायची, हे कधी करायचं? खरं आहे. मी रोज करा म्हणतच नाही. आठवड्याला एक तास. आणि प्रश्न असा निवडा, की त्याचं अर्धं उत्तर गावातच असेल. "कळमन्यात या आठवड्यात संत्र्याचा भाव का उतरला?" एआय तुम्हाला आंबिया बहार, मृग बहार, आवक, वाहतूक सगळं समजावेल. पण आज सकाळी लिलावात काय झालं, ते त्याला माहीत नसतं. कधीकधी तर तो ठोकून देतो. मग एखाद्या मुलीचे काका अडतीवर असतात, ती विचारून येते आणि वर्गात सांगते की यंत्राने सांगितलं ते चूक होतं. ज्या दिवशी ती हे बोलेल, त्या दिवशी ती शिकली.

वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा गणित-विज्ञान शिकवायला पुढे टकळी ठेवली होती. हाताला काम, त्यातून प्रश्न. टकळीच्या जागी टॅब आला, पण काम कुठे गेलं, हे कोणी विचारत नाही.

घरी करायची गोष्ट सोपी आहे. मुलाला एआयमध्ये हे लिहायला सांगा: "मला उत्तर देऊ नको. एकेक प्रश्न विचारत मला उत्तरापर्यंत ने. मी चुकलो तर कुठे चुकलो तेवढं सांग." चॅटजीपीटीत यासाठी 'स्टडी मोड' आहे, जेमिनीत 'गायडेड लर्निंग'. दोन्ही २०२५ मध्ये आले. मात्र एका बटणावर मूल परत साध्या मोडवर जातं, आणि जाणारच. म्हणून झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवून पाच मिनिटं तुम्ही ऐका. "मला समजावून सांग, मला हे येत नाही." बऱ्याच बाबतीत ते खरंच असतं, निदान माझ्या घरी तरी.

आणि दुकानदार मंडळींना एक काम. तुमच्या भागातल्या शाळेत जा. देणगी नको, फळ्यावर नाव नको. तुम्हाला स्वतःला न सुटलेला एक हिशेबाचा प्रश्न घेऊन जा. इतवारीतल्या आमच्या एका किराणावाल्या ताईंनी नववीच्या वर्गाला विचारलं, "माझ्याकडे पावसाळ्यात पोहे का खराब होतात, आणि किती मागवले तर होणार नाहीत?" मुलांनी आधी एआयला विचारलं. मग दोघी जणी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, काकू, गेल्या वर्षीची वही दाखवता का?

ताईंकडे ती वहीच नव्हती. आता त्या लिहायला लागल्यात.