पाय मोडलाय, मग नाकातला नमुना कशाला?

खुब्याचे हाड मोडले म्हणून म्हाताऱ्या आईला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, तर दाखल करून घेतानाच सिस्टर तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून कापसाची काडी फिरवते आणि नळीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवून देते. अतिदक्षता विभागात जायचे असेल तर काही ठिकाणी असाच नमुना गुदद्वारातूनही घेतात. मग बिलात त्याची एक ओळ दिसते आणि नातेवाईक चिडतात. "करोना तर केव्हाच गेला, आता हे काय नवीन काढले? मोडलाय पाय आणि तपासताहेत नाक!" अशी तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते. बिलांच्या बाबतीत रुग्णालयांनी लोकांचा विश्वास इतका घालवला आहे की संशय घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पण ही तपासणी थोतांड नव्हे. ती सर्वांची करावी की निवडक लोकांची, आणि केल्यावर पुढे काय करावे, हा खरा वाद आहे. आमचे मत असे की, आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरसकट सर्वांचे नमुने घेणे म्हणजे पैशाचा चुराडा. मात्र दाखल होणाऱ्या प्रत्येकाला दोन-तीन प्रश्न विचारायचे आणि त्यांतून निवडलेल्यांचा नमुना घ्यायचा, एवढे तरी झालेच पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी ना प्रश्न विचारले जातात, ना नमुना घेतला जातो.

आधी एक गैरसमज दूर करू. अंगावर जंतू असणे आणि त्या जंतूचा आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू साधारण तीन माणसांतल्या एकाच्या नाकात सुखाने नांदत असतो. त्या माणसाला ना ताप, ना दुखणे. हाच जंतू बोटांवरून ऑपरेशनच्या जखमेत किंवा सलाईनच्या सुईवाटे रक्तात गेला की मात्र जिवावर बेतते. पूर्वी तो पेनिसिलिनने मरत असे. ते चालेनासे झाले तेव्हा १९५९-६० च्या सुमारास मेथिसिलिन हे नवे औषध आले, आणि १९६१ सालीच इंग्लंडमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू सापडले. औषध येऊन जेमतेम एक-दोन वर्षे झाली होती! या बेरड जंतूला एमआरएसए म्हणतात. नाकातला नमुना असतो तो त्याच्यासाठी. खुब्यात किंवा गुडघ्यात धातूचा सांधा बसवायचा असेल तर ही तपासणी विशेष मोलाची, कारण त्या धातूवर जंतू एकदा थर करून बसला की औषध तिथवर नीट पोचत नाही आणि कधी कधी बसवलेला सांधा काढून टाकावा लागतो. आधीच कळले तर उपाय साधा आहे: पाच दिवस नाकात म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणाने आंघोळ.

आपल्या देशात यापेक्षाही मोठी डोकेदुखी आहे ती आतड्यात राहणाऱ्या जंतूंची. क्लेबसिएला, ई. कोलाय ही त्यांतली नावे कल्चर रिपोर्टवर पुष्कळांनी वाचली असतील. हे बिघडले की डॉक्टर मेरोपेनेम, इमिपेनेम अशी महागडी इंजेक्शने काढतात. तीही लागू पडली नाहीत तर बहुधा कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडाला त्रास देणारे जुने औषध हाती उरते. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा एक क्लेबसिएला सापडला. तो रुग्ण आधी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून त्या जंतूतल्या औषध निकामी करणाऱ्या घटकाला एनडीएम-१ असे दिल्लीचे नाव पडले. २०१० साली त्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! आपल्या रुग्णालयांना बदनाम करण्याचा डाव आहे इथपर्यंत बोलले गेले. पण त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपले निष्कर्ष छापले होते. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांना या औषधांना न जुमानणारे २४ जंतू मिळाले आणि त्यांतल्या २२ मध्ये हाच घटक होता. नावावरचे भांडण विझले, जंतू मात्र राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आकडेवारीप्रमाणे इमिपेनेम हे औषध २०१७ साली ई. कोलायच्या सुमारे ८१ टक्के नमुन्यांवर चालत होते. २०२३ साली ते प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आले. अतिदक्षता विभागातल्या अॅसिनेटोबॅक्टर या जंतूचे तर दहांतले नऊ नमुने मेरोपेनेमला दाद देत नाहीत. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतल्या आजारी माणसांचे आहेत, आपल्या शेजाऱ्याचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. पण आपला शेजारी त्या मोठ्या रुग्णालयातून महिनाभराने परत येतोच की!

दाराशीच जंतू ओळखायचा, ही कल्पना सर्वांत चिकाटीने राबवली ती हॉलंडने. तिथे सरसकट कोणाचा नमुना घेत नाहीत. जो परदेशी रुग्णालयात राहून आला आहे, किंवा ज्याचा डुकरांच्या, वासरांच्या गोठ्याशी रोजचा संबंध आहे, अशाला दाखल होताच वेगळ्या खोलीत ठेवतात आणि नमुन्यात जंतू नाही असे कळल्यावरच सर्वांत मिसळू देतात. परिणामी तिथे एमआरएसएचे प्रमाण युरोपात अगदी तळाला राहिले आहे. (ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: भारतात रुग्णालयात राहिलेल्या माणसाला वर्षभराच्या आत इंग्लंडमध्ये दाखल व्हावे लागले तर तिथेही हाच प्रश्न विचारतात आणि नमुना घेतात. त्यात अपमान मानू नये.)

इंग्लंडने उलट वाट धरून पाहिली. २००९ पासून ठरवून ऑपरेशनसाठी येणाऱ्या सर्वांची आणि २०१० च्या अखेरीपर्यंत तातडीने दाखल होणाऱ्यांचीही एमआरएसए तपासणी करायची, असे तिथल्या सरकारने ठरवले. पण गंमत अशी की, रक्तात एमआरएसए गेलेल्या रुग्णांची संख्या २००३-०४ मध्ये सुमारे ७,७०० होती, ती २००८-०९ पर्यंत तीन हजारांच्या आत आलेलीच होती. म्हणजे सक्तीची सरसकट तपासणी सुरू होण्यापूर्वीच! हे कशाने घडले? प्रत्येक रुग्णालयाला आपला आकडा जाहीर करणे भाग पाडले गेले, हात धुण्याची मोहीम चालवली गेली आणि सलाईनच्या नळ्यांची निगा काटेकोर झाली. शेवटी २०१४ साली सरसकट तपासणी सोडून निवडक रुग्णांवर भर द्यावा असा सल्ला तिथे दिला गेला. अमेरिकेत ४३ रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागांत केलेली मोठी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नमुना घेऊन वेगळे ठेवण्यापेक्षा, नमुना न घेताच सर्वांना क्लोरहेक्सिडिनने पुसून काढणे आणि नाकात मलम लावणे अधिक उपयोगी ठरले.

मग तपासणी सोडूनच द्यावी का? नाही. कारण आतड्यातल्या जंतूला ना मलम चालते, ना आंघोळ. तिथे जंतू कोणाजवळ आहे हे जाणून त्याला इतरांपासून दूर ठेवणे, एवढाच मार्ग आहे. इस्रायलमध्ये २००६-०७ साली असाच क्लेबसिएला रुग्णालयांतून पसरला. मार्च २००७ मध्ये दर लाख रुग्ण-दिवसांमागे ५५ नवे रुग्ण, अशी पाळी आली. तेव्हा सरकारने हुकूम काढला की, अशा प्रत्येक रुग्णाची नोंद कळवायची, त्यांना एकत्र वेगळे ठेवायचे आणि त्यांच्यासाठी वेगळ्या परिचारिका नेमायच्या. मे २००८ पर्यंत तो आकडा १२ च्या खाली आला. वेगळ्या परिचारिका हा यातला सगळ्यात खर्चीक भाग, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. जंतूला पाय नसतात. तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो तो आपल्या हातांवरून, बी.पी.च्या पट्ट्यावरून, स्टेथोस्कोपवरून.

आता आपल्याकडे या. तीस खाटांचा वॉर्ड, रात्रपाळीला एक किंवा दोन सिस्टर, सगळ्यांना मिळून दोन संडास, आणि हात धुण्याच्या बेसिनला पाणी आले तर साबण नाही. अशा ठिकाणी सर्वांचे नमुने घेतले आणि निम्म्यांत जंतू निघाला, तर त्यांना ठेवणार कुठे? शिवाय कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर रुग्ण वॉर्डभर फिरून झालेला असतो. निकालावर काहीच करायचे नसेल तर नमुना घेणे म्हणजे नुसते कागद वाढवणे. खासगी रुग्णालयांनाही हेच लागू. 'स्क्रीनिंग' म्हणून पैसे घ्यायचे आणि निकाल फाइलमध्ये लावून ठेवायचा, ही शुद्ध फसवणूक झाली. नातेवाइकांनी खुशाल विचारावे, की निकाल जंतू असल्याचा आला तर तुम्ही वेगळे काय करणार? उत्तर देता आले नाही तर ती बिलातली ओळ भरण्यास नकार द्यायला हरकत नाही.

म्हणून प्रश्न विचारण्यापासून सुरुवात करावी. गेल्या वर्षभरात कोणत्या रुग्णालयात राहिला होता का, विशेषतः अतिदक्षता विभागात? डायलिसिस चालू आहे का, लघवीची नळी किंवा गळ्यात छिद्र पाडून घातलेली नळी आहे का? गेल्या तीन महिन्यांत इंजेक्शनवाटे भारी अँटिबायोटिक घेतले होते का? यांतल्या एकाचेही उत्तर 'हो' आले आणि रुग्ण अतिदक्षता विभागात किंवा नवजात बालकांच्या कक्षात जाणार असेल, तर त्याचा नमुना घ्यावा आणि निकाल येईपर्यंत त्याला वॉर्डाच्या कडेची खाट द्यावी. त्याचा बी.पी.चा पट्टा आणि थर्मामीटर वेगळे ठेवावे, आणि शक्यतो त्याच्यासाठी वेगळा संडास राखावा. त्याच्या खाटेच्या पायथ्याशी हाताला लावायच्या स्पिरिटच्या द्रावणाची बाटली टांगावी. एवढ्याला इमारत लागत नाही. याचा खर्च मात्र रुग्णावर पडता कामा नये. ही तपासणी इतर रुग्णांच्या रक्षणासाठी असते, तेव्हा तिचे पैसे एकट्या त्याच्याकडून का घ्यायचे? सरकारी रुग्णालयात ती फुकट हवी आणि खासगीत खाटेच्या भाड्यात धरलेली हवी.

दुसरी गोष्ट याहून स्वस्त आहे. तालुक्याच्या दवाखान्यातून रुग्ण जिल्ह्याला येतो, जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला जातो आणि बरा होऊन परत येतो. प्रत्येक वळणावर त्याच्याबरोबर एक चिठ्ठी असते. तिच्यावर रक्तदाब असतो, साखर असते, दिलेली सलाईन असते. त्याच्या कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला होता हे मात्र क्वचितच असते. नवीन डॉक्टर कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो, न लागू पडणारे औषध तीन दिवस देतो, आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा रुग्णही ताप धरतो. डिस्चार्ज कार्डावर आणि रेफर चिठ्ठीवर 'कल्चर: केले / नाही, जंतू कोणता, कोणते औषध चालते' अशी एक ओळ छापून घेणे जिल्हा शल्यचिकित्सकांना अवघड नाही. आपल्या शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेने ठरवले तर खासगी दवाखान्यांतही ती महिन्याभरात सुरू होईल.

या सगळ्यात एक भीती रास्त आहे. जंतू निघाला म्हणून रुग्णाला दारातूनच परत पाठवण्याचे प्रकार होऊ शकतात. एड्सच्या सुरुवातीच्या काळात असे घडलेले आपण पाहिले आहे. जंतू बाळगणे हे दाखल न करण्याचे कारण होऊच शकत नाही. उलट ज्या रुग्णालयाने तपासणी करायची, त्याने आधी जागा राखून ठेवायची. त्याच्या उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. ताप नाही, जखम स्वच्छ आहे, नुसता गुदद्वाराच्या नमुन्यात जंतू आला, म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नये. त्याने आतड्यातले सज्जन जंतू मरतात आणि दांडग्याला मोकळे रान मिळते. डॉक्टर देत नसतील तर "रिपोर्ट तर पॉझिटिव्ह आहे, मग औषध का नाही?" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, आणि औषधाच्या दुकानातून लाल रेघेची पाकिटे परस्पर आणू नयेत.

घरी आल्यावर काय, असेही लोक विचारतात. असा माणूस घरात नेहमीप्रमाणे राहू शकतो. वेगळे ताट, वेगळी खोली यांची गरज नाही, नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. संडासानंतर आणि स्वयंपाकाला, जेवणाला बसण्याआधी साबणाने हात धुवावेत. लघवीची नळी किंवा जखम असेल तर ती हाताळणाऱ्याने आधी आणि नंतरही धुवावेत. पुष्कळांच्या आतड्यातून हा जंतू काही महिन्यांत आपोआप हटतो, काहींच्या मात्र वर्षाहून अधिक राहतो. तोवर कल्चरचा कागद एक्स-रेच्या पिशवीत ठेवावा आणि दाताच्या डॉक्टरांपासून बाळंतपणाच्या दवाखान्यापर्यंत कुठेही गेले तरी पिशवी उघडताना तो सर्वांत वर असावा.