जीव वाचला, पायांचे काय?



दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आपण दोन आकडे हमखास वाचतो : किती जणांना उपचार मिळाले, आणि किती जणांच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला. दोन्ही महत्त्वाचे आहेतच. पण मज्जातंतूंवर संशोधन करत असल्यामुळे मला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. या माणसांचे पाय दुखतात का?

उपचार चालू असलेल्या अनेकांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. काहींचे पाय इतके बधिर होतात की चप्पल निसटलेली कळत नाही. एचआयव्हीमुळेच मज्जातंतूंना इजा होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण ते जीव वाचवणाऱ्या औषधातच होते.

२००१ साली सिप्लाच्या डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर अमेरिकेत त्याला दहा हजारांहून अधिक डॉलर लागत. आपल्याला अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. त्या तिघांपैकी एक होते स्टॅव्हुडीन. १ एप्रिल २००४ रोजी भारतात सरकारी मोफत उपचार सुरू झाले, त्यांतही ते होते. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएची नक्कल होण्यात हे औषध अडथळा आणते. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब, म्हणून पहिला फटका पायांना बसतो. श्रीमंत देशांतले डॉक्टर त्यापासून दूर गेले, कारण त्यांच्या हाताशी पर्याय होते. गरीब देशांत ते स्वस्त म्हणून टिकले. ते टप्प्याटप्प्याने बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितले.

आज दिल्या जाणाऱ्या टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर यांच्या एकत्रित गोळीत हा दोष नाही. पण आधी झालेली इजा बऱ्याचदा भरून येत नाही. वेदनेवर नेहमी दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन आणि प्रीगॅबालिन ही औषधे या दुखण्यावरच्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून जे टाळता येते ते टाळणे महत्त्वाचे. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड देताना सोबत ब-६ जीवनसत्त्व द्यायला हवे, मधुमेह वेळीच ओळखायला हवा.

दुखते म्हणून एचआयव्हीची गोळी कुणीही स्वतःहून बंद करू नये. मात्र दुखणे गिळूनही टाकू नये. 'जीव वाचला, आता पायांची काय तक्रार करायची?' असे म्हणून रुग्ण गप्प बसतो, आणि अहवाल चांगला आला म्हणून डॉक्टर विचारत नाही. दिवसभर उभे राहून पोट भरणाऱ्या बाईसाठी मात्र पाय म्हणजेच रोजगार असतो.

आपल्यापैकी अनेक जण महाराष्ट्रातल्या एचआयव्हीविषयक कामाला मदत पाठवतात. पुढचा धनादेश पाठवताना एवढे जरूर विचारा : तुमच्याकडे रुग्णांचे पाय तपासतात का? त्याला महागडे यंत्र लागत नाही. एक ट्यूनिंग फोर्क, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहायला छोटी हातोडी, आणि दोन प्रश्न विचारण्याइतका वेळ पुरतो. स्वस्त औषधाचा हक्क आपण मागितला, तसाच वेदनेची दखल घेतली जाण्याचा हक्कही मागू या.

तुमची मते आणि अनुभव अवश्य कळवा.