रेडिओची जन्मपत्रिका

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. पितळी समई येते, मोडका पाळणा येतो आणि एखाद्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओही येतो. धूळ पुसली की लाकूड चकाकू लागते, काचेवरची दिल्ली, कोलंबो, लंडन ही नावे दिसू लागतात आणि उत्साही मंडळींचा हात आपोआप प्लगकडे जातो. मंडळी, तो हात तिथेच धरा!

इतकी वर्षे निजलेल्या रेडिओत कागदी कपॅसिटर ओल धरून बसलेले असतात. त्यांतला एक शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला असतो. तो गळका झाला की व्हॉल्व्ह नको इतका करंट ओढतो आणि जाता जाता ट्रान्स्फॉर्मरलाही सोबत नेतो. व्हॉल्व्ह एकवेळ जुन्या बाजारात मिळेल. ट्रान्स्फॉर्मर मात्र नव्याने वाइंड करून घ्यावा लागतो.

म्हणून आधी पाहावी ती रेडिओची पत्रिका, म्हणजे त्याचे सर्किट. पूर्वी ती कंपनीच्या विक्रेत्याकडे मिळे. आता ठाण्याचा मर्फीचा कारखानाच उरला नाही, तर मागायची कोणाकडे?

निम्मी पत्रिका रेडिओच्या पाठीवरच असते. मागच्या पुठ्ठ्यावर मॉडेलचा नंबर पाहा, मग व्हॉल्व्हवरची नावे उतरवून घ्या. ईसीएच ८१, ईएल ८४ ही नावे म्हणजे कोडे नव्हे. ‘ई’ म्हणजे फिलामेंटला ६.३ व्होल्ट, ‘एल’ म्हणजे स्पीकरला जोर देणारा व्हॉल्व्ह, ‘झेड’ म्हणजे एसीचे डीसी करणारा. नाव ‘यू’ने सुरू झाले तर मात्र सावध! या व्हॉल्व्हची फिलामेंटे दिव्यांच्या माळेसारखी एकामागून एक जोडलेली असतात. एक गेले की सगळी विझतात. शिवाय अशा बहुतेक रेडिओंत घरची वीज थेट लोखंडी चासीवर आलेली असते. तिथे बोट लागले तर दिवाळी दवाखान्यात!

नावे हाती आली की त्याच व्हॉल्व्हचा भाऊबंद शोधावा. इंग्लंडमध्ये ‘ट्रेडर’ची सर्व्हिस शीट्स निघत, अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३१ पासून सर्किटांचे जाडजूड खंड काढले. त्यांतले पुष्कळसे आज संगणकावर वाचायला मिळते. मात्र इथल्या मॉडेलांत फरक असू शकतो, तेव्हा तारेला तार ताडून पाहावी.

काहीच मिळाले नाही, तर सर्किट स्वतः काढावे. रेडिओ जाणणाऱ्याला हे दोन-तीन संध्याकाळींचे काम. कोणता भाग बदलला, कधी बदलला, हे लिहून तो कागद पेटीतच ठेवावा. पुढच्या पिढीतल्या दुरुस्तीवाल्याला तुमचा पत्ता सापडणार नाही, कागद सापडेल.

आणि एक सांगायचे राहिले. तुमच्या गावात एखादे वयस्कर रेडिओवाले असतील, तर यंदा फराळाचे ताट घेऊन त्यांच्याकडे जरूर जा. नुसत्या घरघरीवरून दोष ओळखणारी ही माणसे. त्यांचे बरेचसे ज्ञान कधी कागदावर उतरलेच नाही. जाताना वही-पेन्सिल तेवढी विसरू नका.