पत्ते न दाखवताच टाकले

माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीनंतर घरी आला. आठवी ते दहावी माझ्याकडे मराठी शिकलेला, आता उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात कटिंगचं काम बघतो. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं, आणि मग म्हणाला, "सर, एक इन्साफ करायचाय. तुम्ही ऐकून सांगा, माझ्यावर अन्याय झाला की नाही."

प्रकरण गोव्याचं निघालं. मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर हा तीन मित्रांबरोबर गेला होता आणि पोकरच्या टेबलावर बसला होता. "तिथे गेलासच कशाला?" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. आपल्या वस्तीत पोरांचं बोलणं याच वाक्यापाशी संपतं. हराम आहे हे त्यालाही माहीत होतं, ते ऐकायला तो माझ्याकडे आला नव्हता.

पोकर तो मोबाईलवर शिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद झाले. ॲप बंद पडलं, सवय राहिली. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने कॅसिनोचा एक कायदा करून ठेवला होता, तो कधी लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला. इथे चालतो तो १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा. गोव्याचा कायदाही १९७६ चाच, पण त्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या मशीनना आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांतल्या टेबलांना वाट करून दिली. गंमत अशी की फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली आहे. म्हणजे जेवण दुकानाचं, पण मालकाच्या पोरांनी खायचं नाही. ते आमच्यासाठी, कल्याण-उल्हासनगरवाल्यांसाठी, वाढलेलं आहे.

आता त्याचा "अन्याय". प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच. या सातांतून प्रत्येकाने आपली सर्वांत चांगली पाच पानं जुळवायची. मधल्या पाचांत तीन बदाम होते. ह्याच्याकडे राजाची आणि नव्वीची अशा दोन जोड्या झाल्या होत्या. शेवटची बोली झाली, समोरचा गृहस्थ म्हणाला, "फ्लश." म्हणजे पाचही बदामाची. फ्लशपुढे दोन जोड्या हरतात. ह्याने सुस्कारा टाकला आणि आपले दोन पत्ते पालथेच डीलरकडे सरकवले. डीलरने ते रद्दीच्या ढिगात मिसळले. मग समोरच्याने पत्ते उघडले. एक बदाम, एक चौकट! दोन्ही लाल, मंद दिवे, त्याने चौकटचं पान बदाम समजलं होतं. हातात होती फक्त एक जोडी.

हा उभाच राहिला. "माझ्याकडे दोन जोड्या होत्या!" डीलर शांतपणे म्हणाला, "सर, तुमचा हात मेला." फ्लोअर मॅनेजरला बोलावलं. त्याने डीलरला विचारलं, समोरच्याला विचारलं आणि निकाल दिला की पैसे समोरच्याचे. साधारण सव्वीस हजारांचा पॉट, त्यात ह्याचे अकरा. ते अकरा कुठून आले ते पुढे सांगतो.

मी त्याच्याकडून सगळं दोनदा ऐकलं आणि म्हणालो, "बेटा, निकाल बरोबर आहे."

तो रागावला. पण नियम साधा आहे आणि जगभरच्या पोकरच्या खोल्यांत चालतो: पत्ते बोलतात. तुझ्याकडे काय आहे हे तू तोंडाने काहीही सांग, ते धरलं जात नाही. टेबलावर उघडे पडलेले पत्ते धरले जातात. समोरच्याने मुद्दाम खोटं सांगितलं असतं, तुझे पत्ते टाकून घ्यायला, तर तो गुन्हा होता आणि पॉट त्याच्या हातून जाऊ शकला असता. मॅनेजरने चौकशी केली ती त्यासाठीच. पण चूक प्रामाणिक होती. आणि तुझे पत्ते तर कोणी पाहिलेच नाहीत. आता ढिगातले कुठले दोन तुझे होते हे कोणी आणि कशावरून ठरवायचं? तुझ्या शब्दावरून?

मोबाईलवर हे घडलंच नसतं, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. ॲपमध्ये तुमची पाळी नसेल तर बटणच उमटत नाही. पत्ते ॲप वाचतं, जिंकणाऱ्याला पैसे ॲप ढकलतं. चूक करायची सोयच नाही. खऱ्या टेबलावर प्रत्येक चूक तुमची. पाळी येण्याआधी "रेझ" म्हणालात, बाकीचे सावध झाले. पाळीत बोललेला शब्द मात्र लोखंडी. "कॉल" म्हणालात की पैसे द्यायचे, "तसं नव्हतं म्हणायचं" चालत नाही. दोनशेची बोली असताना न बोलता पाच हजारांची एक चिप टाकलीत तर ती बोली वाढवणं नव्हे, नुसती दोनशेची बरोबरी; बाकीचे परत. थोड्या चिप्स पुढे केल्या, समोरच्याचा चेहरा पाहिला आणि मग आणखी थोड्या केल्या, तर दुसऱ्या मागे घ्याव्या लागतात, कारण मधल्या क्षणात तुम्ही चेहरा वाचून घेतलात. पत्त्यांवर एखादी चिप ठेवून ते राखले नाहीत आणि डीलरने चुकून ओढून घेतले, तरी नुकसान तुमचं. शेजाऱ्याला कानात विचारायचं नाही, एका हाताला एकच खेळाडू. आणि जिंकल्याची खात्री असताना समोरच्याला तिष्ठत ठेवून हळूहळू पत्ते उघडणं नियमाने गुन्हा नाही, पण ते करणाऱ्याशी पुन्हा कोणी नीट बोलत नाही.

हे सगळं ऐकताना मला आमची लोकल आठवत होती. मी विठ्ठलवाडीहून मुंब्र्याला वर्षानुवर्षं जातो-येतो. आमच्या डब्यात मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून मेंढीकोट चालतो. पैशांचा नाही. त्यातही एखाद्याने हातात पान असून दिलं नाही, हुकूम मारला आणि नंतर ते पान निघालं, तर कळव्यापर्यंत भांडण पुरतं. तिथे डीलर नाही, मॅनेजर नाही. वयाने मोठा कोण, आवाज कोणाचा मोठा, यावर निकाल. मग पुढच्या स्टेशनवर कोणीतरी उतरतो आणि खटला बरखास्त.

दहावीच्या वर्गात महाभारत निघालं की मी द्यूतावर थोडा जास्त रेंगाळतो. तिथेही नियमांचाच प्रश्न आहे. पण लावणार दुर्योधन, फासे टाकणार शकुनी. एकासाठी दुसऱ्याने खेळणं योग्य नाही, असा आक्षेप युधिष्ठिराने आधीच घेतला होता. एका हाताला एकच खेळाडू! आक्षेप घेतला आणि तरी बसला. पोकरमध्ये दुसरा एक नियम आहे: हात सुरू झाल्यावर टेबलावर जेवढं आहे तेवढंच लावता येतं, खिशातून काढता येत नाही. हा एक नियम त्या सभेत असता तर भाऊ, स्वतः आणि द्रौपदी डावावर आलेच नसते. मग द्रौपदीने निरोप्याकरवी विचारलेला प्रश्न: त्यांनी आधी स्वतःला हरवलं की मला? जो स्वतःलाच हरला, त्याला पुढची बोली लावायचा हक्क उरतो का? मॅनेजरला बोलावून विचारावा असा हा नेमका प्रश्न आहे. भीष्मांसारखा माणूस धर्म सूक्ष्म आहे म्हणून थांबला. निकाल द्यायला उभा राहिला तो विकर्ण, कौरवांतलाच, वयाने लहान, आणि त्याला गप्प बसवलं गेलं.

माझ्या विद्यार्थ्याने इथे मला पकडलं. "म्हणजे सर, कॅसिनोचं टेबल तर त्या सभेपेक्षा इमानदार. डीलर खेळत नाही, वर कॅमेरा, कायदा सगळ्यांना सारखा. घर फक्त पॉटमधून आपला कट घेतं. मग वाईट काय?"

प्रश्न चांगला होता. उत्तर मला अरबांच्या जुन्या जुगारात मिळतं. कुरआनात ज्याला मैसिर म्हटलंय तो खेळ मुळात असा होता: उंट कापायचा, त्याच्या मांसाचे वाटे करायचे आणि दहा बाण एका पिशवीत. सात बाणांवर वाटे, तीन कोरे. कोरा बाण निघालेल्यांनी उंटाची किंमत भरायची. बाण काढणारा माणूस वेगळा, त्याच्या हाताला कापड गुंडाळलेलं, म्हणजे स्पर्शाने बाण ओळखता येऊ नये. त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक माणूस. आणि जिंकलेलं मांस बहुधा गरिबांत वाटायचे. कॅसिनोत जे काही आहे ते सगळं तिथे होतं: तटस्थ डीलर, वरचा कॅमेरा, वरून दानधर्मही. सूरह बकरामध्ये त्याचे फायदे नाकारलेले नाहीत, नुकसान फायद्याहून मोठं आहे एवढं सांगितलंय. मनाई आली ती हा प्रामाणिक खेळ समोर असताना. तेव्हा टेबल स्वच्छ आहे हा मुद्दा मला मान्य, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. निकाल बरोबर होता का? होता. तिथे बसणं बरोबर होतं का? ते अकरा हजार सांगतील.

ते आमच्या गल्लीतल्या भिशीचे होते. वीस जण, महिन्याला दोन-दोन हजार. त्या महिन्याचे चाळीस हजार ह्याच्या नंबराने आले होते, आणि त्यातून घरी ओव्हरलॉक मशीन येणार होतं, बायको घरी काम घेणार होती. मशीन आलं नाही. बाकीचे एकोणतीस हजार आहेत का, हे मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या कॅसिनोकडून आपण काही शिकू शकतो असं म्हटलं तर आमच्या मशिदीत भुवया वर जातील. पण मी म्हणेन. त्या टेबलावर कोणाच्या तोंडी सांगण्यावर पैसे हलत नाहीत आणि आमच्याकडे हलतात. उल्हासनगरात कागद न बघता, "सगळं क्लिअर आहे" एवढ्या शब्दावर घरं घेतलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. समोरचा "फ्लश" म्हणाला, आपण पत्ते पालथे टाकले. आणि हे आपण करतो, ज्यांच्या ग्रंथातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगण्यासाठी आहे! जुगाराच्या टेबलावर तिचं पालन बरं होतं, हे लिहिताना मला लाज वाटते.

त्याच भिशीत सध्या रमजानच्या आधीच्या नंबरावरून दोन घरांचं भांडण चालू आहे. दोघांनाही तो नंबर तोंडी कबूल केला होता, कबूल करणारी बाई आता गावी गेली. परवा हाच मुलगा दोनशे पानी वही घेऊन आला. म्हणाला, "सर, नियम मराठीत आणि उर्दूत दोन्हीत लिहून द्या. नंबर कोणाचा, बदलला तर कोणासमोर बदलला, सही. तोंडी काही धरायचं नाही." पहिलं पान आम्ही त्याच रात्री लिहिलं. मशीनच्या पैशांबद्दल त्याने अजून घरी सांगितलेलं नाही. वहीच्या दुसऱ्या पानावर, मी न सांगता, त्याने स्वतःच्या नावापुढे अकरा हजार लिहिले आणि समोरचा रकाना मोकळा ठेवला.