दहात तीन

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत आपल्यातल्याच एका ज्येष्ठ काकांनी माझ्या लेकीला विचारलं, "सॉफ्टबॉल खेळतेस म्हणे! ॲव्हरेज किती?" ती ताठ मानेने म्हणाली, "थ्री हंड्रेड." हे हजारात तीनशे असतात, हे काकांनी तिच्याकडूनच समजून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तीस टक्के. आमच्या वेळी पास व्हायलाही पस्तीस लागायचे!" रांगेतले सगळे हसले. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरी जाताना गाडीत लेक म्हणाली, "पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी खेळतच नाही म्हणून सांगणार." बारा वर्षांची मुलगी स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट आपल्याच माणसांपासून लपवायला निघाली, हे मला फार लागलं.

काका, हजारात तीनशे म्हणजे काय ते आता मी सांगते. बॅट घेऊन दहादा उभं राहायचं, त्यातल्या तीन वेळा चेंडू असा मारायचा की क्षेत्ररक्षकांना काही करता येऊ नये आणि आपण सुखरूप बेसवर पोचावं. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये वर्षानुवर्षं तीनशेच्या वर राहणारे फलंदाज बोटांवर मोजण्याइतके असतात आणि लोक त्यांची नावं नातवंडांना सांगतात. तिथल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये चारशेच्या वर पूर्ण हंगाम काढणारा शेवटचा खेळाडू बॉस्टनचा टेड विल्यम्स. साल १९४१. त्यानंतर या दोन लीगमध्ये कुणाला ते जमलेलं नाही.

त्या हंगामाचा शेवटचा दिवस मी शिकवते त्या मुलींना दरवर्षी सांगते. २८ सप्टेंबर, फिलाडेल्फियात एकापाठोपाठ दोन सामने. विल्यम्सची सरासरी सकाळी .३९९५५ होती. तीन आकड्यांपर्यंत मोजायची पद्धत असल्याने ती .४०० च धरली गेली असती. मॅनेजर जो क्रोनिनने त्याला बाहेर बसायची मुभा दिली होती. तेवीस वर्षांच्या त्या पोराने ती घेतली नाही. दोन्ही सामने खेळला, आठदा बॅटिंगला आला, सहा हिट मारले आणि .४०६ वर थांबला. म्हणजे त्या विक्रमी वर्षातही सरासरीत धरलेल्या शंभर खेपांतल्या जवळजवळ साठ वेळा त्याला हिट मिळाला नव्हता. आपल्या घरांतून किती मुलांना आपण असं खेळू दिलं असतं? "चारशे होतायत ना, मग बस गप," हेच आपल्या तोंडून आलं असतं. नव्वद टक्के हातात असले की अवघड विषय घ्यायचाच नाही, ही आपली जुनी सवय.

आपण सगळे क्रिकेटवर वाढलो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. क्रिकेटमध्ये विकेट गेली की फलंदाजाचा तो डाव संपला. पॅड सोडायचे आणि तंबूत बसायचं. म्हणून विकेटची एवढी किंमत. शिवाजी पार्कवर आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्याला ते नाणं, तो नाबाद राहिला तर सचिनला. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. ब्रॅडमन १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात शून्यावर गेला, चार धावा कमी पडल्या आणि सरासरी ९९.९४ वर राहिली. त्या शून्याची हळहळ ज्यांनी तो सामना पाहिला नाही त्यांनाही वाटते. त्या खेळात हे सगळं रास्तच आहे.

सॉफ्टबॉलात सात इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये संघाची बॅटिंग तीन आउटला संपते. पूर्ण सामना झाला तर जिंकणाऱ्या संघाच्याही मुली अठरा-एकवीस वेळा बाद झालेल्या असतात. नऊ जणींची फेरी पुरी झाली की बाद झालेलीच मुलगी पुन्हा बॅट घेऊन उभी राहते, कित्येकदा त्याच पिचरसमोर, अर्ध्या-पाऊण तासात. मधल्या वेळात बाकावर बसून तिने एकच गोष्ट ठरवायची असते: मघाशी तिने मला काय टाकलं आणि आता काय टाकेल. आणि त्याच वेळी कुंपणाबाहेरून आईबाबा विचारत असतात, "अगं, आउट कशी झालीस?" हा प्रश्न क्रिकेटचा आहे. त्याने मुलीचं डोकं मागे ओढलं जातं आणि पुढची खेप तिथेच वाया जाते.

कुंपणाचा विषय निघालाच आहे तर माझी खरी तक्रार सांगूनच टाकते. मी शिकवते तो गट दहा वर्षांखालच्या मुलींचा. पिचर पस्तीस फुटांवरून टाकते. चेंडू ताशी चाळीस मैलांनी आला तर मुलीला मिळतो जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात बघायचं, सोडायचा की मारायचा ते ठरवायचं आणि मारायचं. आणि नेमकं तेव्हाच कुंपणाबाहेरून शुद्ध मराठीत येतं, "बॅट वर! पाय पुढे! बॉल बघ!" भाकरी थापायला पहिल्यांदाच बसलेल्या मुलीला तिघींनी तीन बाजूंनी सांगावं तसं. ती भाकरी तव्यापर्यंत पोचत नाही.

शिकवायच्या गोष्टी शिकवायच्या जागी शिकवाव्या लागतात. आधी टी, म्हणजे खांबावर ठेवलेला स्थिर चेंडू. तिथे फक्त पाय आणि कंबर. पुढचा पाय हलकेच टेकवायचा, कंबर वळायला सुरुवात झाली की मग हात, बॅटचं टोक सगळ्यात शेवटी. डोकं जागच्या जागी. मग सॉफ्ट टॉस, बाजूने हळूच उडवलेला चेंडू. तिथे फक्त वेळ साधायची. मग जाळीआडून समोरून टाकलेला. तिथे सोडायला शिकायचं. आणि सामन्यात बॉक्समध्ये पाऊल ठेवलं की यातलं काहीही आठवायचं नाही, नजर फक्त पिचरच्या हाताकडे. सामन्यात मी माझ्या मुलींना एक अक्षरही सांगत नाही. फार तर नावाने हाक मारते.

"बॅट सरळ ठेव" ही सूचना तर आमच्या घरातच ऐकू यायची. नवरा दादरचा, लेदर बॉलवर वाढलेला. त्याने पहिल्याच वर्षी लेकीला अंगणात सरळ बॅटने ड्राइव्ह शिकवला. आता क्रिकेटमध्ये बॅट सरळ का? चेंडू टप्पा घेऊन येतो, टप्प्यानंतर किती उठेल ते सांगता येत नाही आणि मागे तीन स्टंप सांभाळायचे असतात. इथे टप्पा नाही, स्टंप नाहीत. प्लेटवरून, गुडघ्याच्या वर आणि काखेच्या खाली चेंडू आला तर स्ट्राइक. तिथे सरळ बॅटला चेंडूला भेटायला फार थोडी जागा मिळते. बॅट चेंडूच्या वाटेत शक्य तेवढा जास्त वेळ आडवी फिरायला हवी.

गंमत अशी की माझ्या भावाला हे कुणी शिकवायला लागलं नाही. तो पनवेलजवळच्या आमच्या नावड्याचा, टेनिस क्रिकेटवाला. पनवेल-उरण पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा कशा चालतात, हे तिकडच्यांना सांगायला नको. मोजकीच षटकं, पहिल्या चेंडूपासून मारायचं. भात कापून झालेल्या शेतात, दिवा-पनवेल लाइनची गाडी ऐकत ही पोरं कमरेतून बॅट फिरवायला शिकली. आता त्या शेतांवर इमारती आहेत. भाऊ इकडे आला तेव्हा मी त्याला टीसमोर उभं केलं, तर पहिलाच फटका जाळीच्या मध्यभागी. वर मान मागे न टाकता. दादरचं क्रिकेट मोठं, याबद्दल वाद नाही. पण या खेळासाठी मला नावडे जवळचं वाटतं.

न मारलेल्या चेंडूंबद्दलही बोलायला हवं. चार बॉल बाहेर गेले आणि मुलीने सोडले तर तिला फुकट बेस मिळतो, वॉक. तो सरासरीच्या हिशेबात धरत नाहीत. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या गावसकरांना आपण डोक्यावर घेतलं, मग वॉक घेऊन आलेल्या मुलीला "मारायचं ना गं!" का म्हणतो? तसाच सॅक्रिफाइस बंट. बेसवरची मैत्रीण पुढे सरकावी म्हणून मुलगी चेंडू मुद्दाम बॅटने हळूच खाली ठेवते आणि स्वतः बाद होते. स्कोअरबुकात तिची सरासरी त्यामुळे कमी होत नाही. दुसऱ्यासाठी बाद झालेल्याचं नुकसान होऊ नये, एवढी काळजी या खेळाच्या हिशेबाने घेतली आहे. माझ्या लेकीला अपूर्णांक शाळेत कळले असतील, पण कुणासाठी काही सोडणं म्हणजे काय, हे तिला या वहीतून कळलं असं मी मानते.

आणखी एक गोष्ट सलते. नावड्याला गेलं की भाचा भेटतो. तो शाळेकडून सॉफ्टबॉल खेळतो, महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहेच. पण घरात बोलणं एकच: सर्टिफिकेट, दहावीचे सवलतीचे गुण, पुढे नोकरीतला पाच टक्के कोटा. इथे आपण तेच इंग्रजीत बोलतो, कॉलेजचा अर्ज, स्कॉलरशिप. ज्या घरात दुसरी वाट नाही तिथे त्या कोट्याची किंमत मला समजते, तिथे मी गप्प बसते. इथे आपल्याला ती अडचण नाही. यावर खूप लिहिता येईल, जागा नाही.

डावखुऱ्यांबद्दल मात्र लिहिणारच. माझ्याच माहेरी धाकट्या चुलतभावाला डाव्या हाताने जेवतो म्हणून बोलणी बसायची. या खेळात डाव्या बाजूने उभी राहणारी मुलगी पहिल्या बेसच्या एक-दोन पावलं जवळ असते आणि उजव्या हाताने टाकणाऱ्या पिचरचा चेंडू तिला लवकर दिसतो. जपानचा बेसबॉलपटू इचिरो उजव्या हाताने फेकायचा, पण बॅटिंग डावीकडून करायचा. २००४ साली त्याने एका हंगामात २६२ हिट मारले, तो विक्रम अजून उभा आहे. तेव्हा कृपा करून मुलांचे हात बदलू नका.

२०२५ च्या नोव्हेंबरात, २ तारखेला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. नावड्याच्या घरी त्या रात्री फटाके वाजले. याच स्पर्धेत त्या ओळीने तीन सामने हरल्या होत्या. जेमिमा रॉड्रिग्जला एका सामन्यात बाहेर बसवलं होतं. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिनेच नाबाद १२७ केल्या. आपण सगळ्यांनी रडत रडत तो सामना पाहिला. मग तेवढाच धीर आपल्या घरातल्या मुलीला द्यायला काय हरकत आहे? २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. आपल्या मुलांना दोन्ही आपलेच वाटायला हवेत, आणि ते वाटणं आपल्या प्रश्नांवर अवलंबून आहे. "किती आले?" याऐवजी "आज कुठला बॉल सोडलास?" असं विचारून पाहा. मुलं बोलायला लागतात. सामना संपल्यावर गाडीत खेळाबद्दल आपण होऊन एक शब्दही काढू नका. कुंपणापासून चार पावलं मागे खुर्ची टाका.

फार उपदेश झाला, मला कळतं. ज्यांनी दिवसभर काम करून संध्याकाळी मुलांना मैदानावर आणलं, थंडीत ब्लँकेट पांघरून बसले, त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. काकांनाही मी मुद्दाम लक्ष्य केलेलं नाही. त्यांचं मन दुखावलं असेल तर क्षमा मागते. लेकीसाठी लिहायला बसले, म्हणून आवाज चढला.

मंडळाच्या समितीला एक विनंती. उन्हाळी सहलीला यंदा लंगडी आणि रस्सीखेच यांच्याबरोबर एक तास सॉफ्टबॉलला द्यावा. सामना नको, बक्षिसं नकोत. दोन टी, एक जाळी आणि मऊ चेंडू मी आणते. आयांनी आणि आज्यांनीही बॅट फिरवून बघावी, काकांचं तर खास स्वागत आहे. ज्यांची मुलं डावखुरी आहेत त्यांनी आठवडाभर आधी कळवावं, त्यांचे ग्लोव्ह वेगळे लागतात आणि माझ्याकडे एकच आहे.