आधी ताट, मग पाटी

पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्याची शिक्षा शिक्षक म्हणून मी अनेकदा दिली. ‘लक्ष नाही, आळशी आहे’ हा शेराही ठरलेलाच असे. त्या मुलाने सकाळी काय खाल्ले होते, हे मात्र मी कधी विचारले नाही. शरीरविज्ञानाचे वाचन वाढल्यावर ही चूक माझ्या ध्यानी आली. म्हणूनच निवासी शाळेच्या या स्मरणिकेत स्वयंपाकघराविषयी लिहावेसे वाटते.

मेंदूचे वजन प्रौढ शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. मेंदूतील चेतापेशी रासायनिक संदेशवाहकांच्या द्वारे एकमेकींशी संवाद साधतात. हे संदेशवाहक मेंदूतच घडतात, पण त्यांचा कच्चा माल ताटातून येतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन, टायरोसिनपासून डोपामिन आणि कोलीनपासून अ‍ॅसिटिलकोलीन तयार होते. झोप, उत्साह आणि स्मरण यांत या रसायनांचा मोठा वाटा असतो.

१९७१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वुर्टमन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, कर्बोदकयुक्त आहारानंतर मेंदूतील सेरोटोनिन वाढते. रक्तातून मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी एकाच दारात स्पर्धा करावी लागते. कर्बोदके खाल्ल्यावर स्रवणारे इन्सुलिन त्या प्रतिस्पर्ध्यांना स्नायूंकडे वळवते आणि ट्रिप्टोफॅनची वाट मोकळी होते. प्रथिनयुक्त जेवणात ट्रिप्टोफॅन असले, तरी प्रतिस्पर्ध्यांची गर्दी अधिक असल्याने ते मागे पडते. डोपामिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. चेतापेशी वेगाने कार्यरत असतात, तेव्हा टायरोसिनचा पुरवठा विशेष महत्त्वाचा ठरतो.

यावरून ‘अमुक फळ खा, आनंदी व्हा’ असा सोपा मंत्र काढणे चुकीचे ठरेल. केळ्यात सेरोटोनिन असते, पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. चिंता एखाद्या घासाची नाही. चिंता आहे दीर्घकाळच्या उणिवेची. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन यांवर काम करणाऱ्या विकरांना लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. अशा मुलीच्या थकव्याला आपण आळस म्हणावे काय?

माझे मत स्पष्ट आहे : निवासी शाळेत स्वयंपाकघर हाही एक वर्गच मानला पाहिजे. पोहे आणि गोड चहा यांनी पोट भरते, पण पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. सोबत मोड आलेली मटकी, भाजलेले शेंगदाणे आणि जेथे चालते तेथे अंडे असावे. उसळीवर लिंबू पिळावे, कारण त्याने लोहाचे शोषण सुधारते. चहा जेवणाबरोबर देऊ नये, कारण तो ते रोखतो. वर्षातून एकदा हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी. खर्चाची अडचण मला ठाऊक आहे. परंतु मटकी, हरभरा, शेंगदाणे ही काही श्रीमंतांची अन्ने नव्हेत. पालकांनीही भेटीच्या दिवशी बिस्किटांच्या पुड्यांऐवजी फुटाणे आणि शेंगदाण्याचे लाडू आणावेत. माजी विद्यार्थ्यांना शाळेस देणगी द्यावयाची असेल, तर ती एका वर्षाच्या न्याहारीसाठी द्यावी.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका गरीब माणसाची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी, उशिरा देशना ऐकावयास आला. भगवान बुद्धांनी आधी त्याला जेवू घालावयास सांगितले आणि त्याची भूक शमल्यावरच देशना केली. ज्यांनी स्वतः भूक जाणली, त्या शास्त्यांनी शिकवण्याचा हा क्रम घालून दिला आहे. पुढच्या वेळी एखादे मूल वर्गात पेंगताना दिसले, तर शेरा लिहिण्यापूर्वी आपण त्याला एवढेच विचारू या : ‘बाळा, न्याहारी केलीस का?’