पैसा शहराचा, हिशेब कोणाचा?

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजीं एकदांची पार पडली. आधींच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजींच संपली होती. म्हणजे जवळजवळ तीन वर्षें दहा महिने या शहराचा कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींवांचून चालला. निवडणुकीच्या गुलालाखालीं हा काळ झांकला जावा, अशी सर्वच पक्षांची इच्छा दिसते. परंतु ज्यांच्या खिशांतून हा कारभार चालला त्या करदात्यांनीं तो विसरूं नये, म्हणून आज हा विषय आम्हीं हातीं घेतला आहे.

नगरपालिकेची मुदत पांच वर्षांहून अधिक नाहीं, व ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असें १९९३ मध्यें अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें स्पष्ट सांगितलें आहे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयांत होता, हें खरें. परंतु प्रभागांची संख्या एका सरकारनें २२७ वरून २३६ करावी आणि दुसऱ्यानें ती पुनः २२७ वर आणावी, हा खेळ खेळावयास कोणत्याही न्यायालयानें सांगितलें नव्हतें. अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा हुकूम करावा लागला, आणि पुढें त्याचीही मुदत वाढवून द्यावी लागली.

या काळांत जे आयुक्त तेच प्रशासक होते. जे कोर्टाची पायरी एकदां तरी चढले आहेत, त्यांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. मुंबईचा १८८८ चा कायदा आजही लागू आहे. त्याची सारी रचना अशी कीं, आयुक्तानें खर्चाचा प्रस्ताव मांडावा आणि स्थायी समितीनें व सभागृहानें तो पारखून घ्यावा. प्रशासकाच्या अमदानींत अर्ज करणारा आणि अर्जावर निकाल देणारा एकच! जानेवारी २०२३ मध्यें सुमारें ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचीं सुमारें ६,००० कोटी रुपयांचीं कामें याच रीतीनें देण्यांत आलीं. त्यांपैकीं शहर विभागाचें कंत्राट वर्ष पुरें होण्याच्या आंतच रद्द करावें लागलें. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा, म्हणजे गोवा राज्याच्या त्याच वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. तोही एकाही नगरसेवकाच्या प्रश्नावांचून मंजूर झाला.

निवडून आलेले नगरसेवक तरी कोठें सोवळे होते, असें कोणी विचारील. नव्हतेच. पण भांडणारा नगरसेवक, मग तो स्वार्थानें का भांडेना, कागद बाहेर काढतो. आणि बाहेर आलेला कागद दहाजणांच्या दृष्टीस पडतो. हा वादही नवा नाहीं. १८६५ च्या कायद्यानें मुंबईचा सर्व कारभार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हातीं आला. ‘जस्टिस’ म्हणविणारी सरकारनियुक्त मंडळी देखरेखीस होती, पण ती नांवाचीच. क्रॉफर्डसाहेबांनीं शहर स्वच्छ केलें, मोठी मंडई बांधविली, आणि तिजोरी मात्र खंगविली. १८७१ मध्यें करदाते खवळून उठले. त्या गलबल्यांत फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टरनें जें मत मांडलें तें पुष्कळांस रुचलें नाहीं. कमिशनरच्या हातीं सत्ता आहे हा दोष नव्हे, त्यास जाब विचारणारे लोकांनीं निवडलेले नाहींत हा दोष आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढल्याच वर्षीं नवा कायदा झाला व ६४ सभासदांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडावेत असें ठरलें. दीडशें वर्षांपूर्वीं परक्या सरकारकडून जें मिळविलें, तें आपल्याच सरकारच्या काळांत पावणेचार वर्षें आपण गमावून बसलों, आणि मुंबईंत एक दुकानही त्यासाठीं बंद राहिलें नाहीं.

दुकानांची गोष्ट निघाली म्हणून व्यापारी बंधूंस थोडें कडू वाटेल असें सांगतों. स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्यें त्यांनीं दुकानें बंद ठेवलीं, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तो कर उठला. मुंबईंत जकात होती, ती १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर गेली. दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवरील ट्रकांच्या रांगा आणि तेथील चिरीमिरी यांची आठवण कोणास गोड नाहीं, आम्हांसही नाहीं. नाका गेला तें बरें झालें. पण नाक्याबरोबर शहराची स्वतःची मोठी कमाईही गेली, व तिच्या जागीं राज्य सरकारकडून महिन्याच्या महिन्यास भरपाई येऊं लागली. पहिला हप्ता सुमारें ६४७ कोटींचा होता. ज्यास घरखर्च दुसरा पाठवितो, तो पाठविणाऱ्यापुढें किती मोठ्यानें बोलेल? व्यापाऱ्याचेंही तेंच झालें. नाक्यावर रुपये मोजतांना शहरांतील खड्ड्यांबद्दल चार शब्द सुनावण्याचा आपणांस हक्क आहे, असें त्यास वाटे. आतां कर संगणकावरून परस्पर जातो. त्यांतील किती आपल्या गल्लीस परत आला, याची चौकशी करावी हें त्यास सुचतही नाहीं.

राहतां राहिलों आम्ही वृत्तपत्रवाले. सभागृह भरत असे तेव्हां आमचा वार्ताहर तेथें बसे आणि कोण काय बोललें तें लिहून आणी. सभागृह गेल्यावर त्याच्या हातीं प्रसिद्धीपत्रक उरलें. तें सुवाच्य असतें, वेळेवर येतें, आणि त्यांत प्रश्न कधींच नसतो. शिवाय निविदांच्या सरकारी जाहिराती आमच्याही पानांवर येतात व त्यांचें बिल आम्हीही धाडतों. तेव्हां या मौनाचा दोष दुसऱ्यांवर ढकलून आम्हांस मोकळें होतां यावयाचें नाहीं.

आतां सभागृह पुनः आलें आहे. प्रशासकांनीं स्थायी समितीचे व सभागृहाचे अधिकार वापरून जे जे ठराव केले, त्या सर्वांची रकमेसह व कंत्राटदारांच्या नांवांसह यादी त्यानें मागवून पटलावर ठेवावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. यादी करण्यास नवा कायदा लागत नाहीं. राज्याकडून भरपाईचा हप्ता कोणत्या महिन्यांत किती आला, याचा तक्ताही तीस जोडावा. यादी लांब होईल हें आम्ही जाणतों. ती आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती समग्र छापूं, आणि तिच्याबद्दल जाहिरातीचा दर लावणार नाहीं.